गरीला परका मासा लागला तर: सोडायचा की नाही, आणि हातात धरायचा कसा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तू लांज्याकडच्या एका छोट्या धरणावर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, गेलास, तीन तिलापिया लागले आणि संध्याकाळी एक दोन किलोचा मिशीवाला लागला, मांगूर असावा असं तू म्हणतोस. काढताना त्याचा काटा अंगठ्यात घुसला. मित्र म्हणाले आपण स्पोर्टवाले, पकडला की सोडायचा. काठावरचे आजोबा म्हणाले हा सोडू नको, यांनी धरण खाल्लं. तू मांगूर सोडलास, तिलापिया बादलीतून जिवंत घरी आणलेस आणि भावाने ते आगरातल्या (माडाच्या वाडीतल्या) विहिरीत टाकले. आता विचारतोस की चुकलं काय आणि पुढच्या वेळी काय करू.

आजोबांचं बरोबर आहे. पण तुझी मोठी चूक मांगूर सोडण्यात नाही, विहिरीत आहे. मी गेली सत्तावीस वर्षं काजळीच्या काठाने, भाट्याच्या खाडीत आणि सड्यावरच्या तळ्यांत गरवतोय, त्यातून एवढं पक्कं समजलंय की परका मासा मारला की नाही यापेक्षा तो जिवंत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेला की नाही हे शंभरपट महत्त्वाचं असतं. त्या धरणात मांगूर आधीच आहेत, तू एक मारला असतास तरी धरण रिकामं झालं नसतं, आणि एक सोडलास म्हणून भरलंही नाही. मारावा असंच माझं मत आहे, कारण मोठी मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि देशी माशांची पिल्लं, बेडूक, खेकडे जे मिळेल ते हे खातात. पण एक मासा मारून नदी वाचवली असं कुणी समजू नये. विहिरीत टाकलेले तीन तिलापिया मात्र अशा पाण्यात गेलेत जिथे हा मासा कधी नव्हताच, आणि पावसात ती विहीर भरून पऱ्यात (ओढ्यात) वाहिली तर पुढचं कुणाच्या हातात राहत नाही.

आता ओळख. इथे घाई करू नको, कारण परका समजून देशी मासा मारणाऱ्यांचं प्रमाण हल्ली वाढलंय, आणि त्याला मोठं कारण म्हणजे अमेरिकेतले व्हिडिओ. तिथले लोक लायनफिश भाल्याने मारतात, स्नेकहेड दिसला की डोकं उडवतात, फ्लोरिडात वॉकिंग कॅटफिशला शिव्या देतात, आणि ते बघून आपली पोरं मालवणात लायनफिश मारायला निघतात. अरे, लायनफिश आपल्याच समुद्रातला आहे! हिंदी महासागर आणि पॅसिफिक हे त्याचं घर, तो अटलांटिकमध्ये गेला तिथे परका झाला. स्नेकहेड म्हणजे आपल्या मरळीचा भाऊबंद, आणि मरळ आपल्याकडे शेतातली जुनी रहिवासी. फ्लोरिडात ज्याला शिव्या पडतात तो कॅटफिशही आशियातून तिकडे नेलेला, म्हणजे आपल्या देशी मांगूरचा जवळचा नातलग. मासा तोच, पाणी बदललं की त्याचं नातं बदलतं. त्यामुळे प्रश्न नेहमी 'हा मासा वाईट आहे का' असा नसतो, 'हा या पाण्यातला आहे का' असा असतो.

तिलापियाची सगळ्यात जास्त गल्लत होते काळुंदरशी. दोघे एकाच कुळातले, दोघांचं अंग चपटं, दोघे खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात. पण काळुंदर आपला, कोकणच्या खाड्यांचा, चवीला एक नंबर, आणि नर-मादी दोघे मिळून अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. काळुंदरच्या अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके दिसतात, पण रंगावर जाऊ नको, गढूळ पाण्यातले मासे रंग बदलतात. पोटाखालचा मागचा पर उघड आणि त्यातले टणक काटे मोज. तिलापियाला तीन, फार तर चार. काळुंदरला बारा-तेरा. इतका सरळ फरक आहे की अंधारात बोटाने चाचपूनही कळतं, मी स्वतः भाट्याला रात्री असंच ओळखतो.

तिलापिया आपल्याकडे पहिल्यांदा १९५२ मध्ये आणला गेला, तो मोझांबिक जातीचा. दोन-तीन महिन्यांत वयात येतो, वर्षभर पिल्लं देतो, गोड्या पाण्यात वाढतो आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यातही अंडी घालतो. थंडी कडक पडली तर मरतो म्हणतात, पण कोकणात तेवढी थंडी पडणार कधी? म्हणून एकदा शिरला की तो राहतोच. तळ्यात गर्दी झाली की वाढ खुंटते आणि सगळं तळं बोटभर माशांनी भरून जातं, ना खायच्या कामाचे ना विकायच्या. पुढे नाईल जातीचा आणि सुधारित तिलापियाही आला, त्याच्या पालनाला सरकारने अटी घालून परवानगी दिलीय, त्यामुळे शेततळ्यात तिलापिया दिसला म्हणजे मालक गुन्हेगार असं नव्हे. पण परवानगी त्या तळ्यापुरती आहे, नदीसाठी नाही.

तुझा मिशीवाला दोन किलोचा होता ना, मग तो जवळपास नक्कीच आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. देशी मांगूर किलोच्या वर क्वचितच जातो. आफ्रिकन मीटरभर लांब होतो, डोकं लांबट आणि रुंद, अंगावर संगमरवरासारखे डाग, आणि मोठ्या माशाच्या डोक्याखाली हनुवटीच्या बाजूने बऱ्याचदा दोन काळसर पट्टे असतात. डोक्याचं हाड मागे जिथे संपतं तिथे अंगठा फिरवून बघ, देशीत तिथे एक निमुळतं टोक लागतं, आफ्रिकनमध्ये इंग्रजी 'M'सारखी तीन उंचवट्यांची कड. त्याच्या पालनावर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर पुन्हा बोट ठेवलं आणि महाराष्ट्रात तळीच्या तळी नष्ट केली गेली. तरी चोरून पाळतात, कत्तलखान्यातली घाण घालून वाढवतात, आणि पुरात तळं फुटलं की तो मोकळा.

रूपचंद लागला तर घाबरू नको. दात माणसासारखे असतात म्हणून दरवेळी कुणीतरी 'पिरान्हा सापडला' म्हणून ओरडतं. तो पाकू, पिरान्ह्याचा दूरचा नातलग, दक्षिण अमेरिकेतला, बाजारात राजरोस विकला जातो. फक्त बोट तोंडाजवळ नेऊ नको, तो पातळ लाइन सहज तोडतो. आणि सकर, ज्याला उजनीकडे हेलिकॉप्टर मासा म्हणतात, तो अ‍ॅक्वेरियममधून आलेला. घरातली काच साफ करायला आणायचा, मोठा झाला की 'जीव कशाला घ्यायचा' म्हणून तळ्यात सोडून द्यायचा, असा त्याचा प्रवास. अंगावर चिलखत, काठात बिळं करतो त्याने बांध ढासळतात, आणि जाळ्यात अडकला तर जाळं फाडूनच निघतो.

ओळख पटलीच नाही तर? तर फोटो काढ आणि जिथे पकडलास त्याच जागी सोड. हे मी मुद्दाम सांगतोय. परका मासा त्याच पाण्यात परत गेला तर नुकसान फारसं वाढत नाही, पण चुकून दुर्मिळ देशी मासा मेला तर तो परत आणता येत नाही. फोटो तीन काढ: परं पसरलेला आडवा, डोकं वरून, डोकं खालून. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं असे फोटो बघून सांगतात, आणि त्यांनाही कुठल्या पाण्यात काय आलंय हे कळायला हवंच असतं.

आता हाताळणी, तुझ्या अंगठ्याचा मुद्दा. मांगूरच्या छातीच्या दोन्ही परांत एकेक टणक, करवतीसारखा काटा असतो, भीती वाटली की तो आडवा उघडून लॉक करतो. शेपटीकडून धरायला गेलास की तो वळतो आणि काटा घुसतो, तुझं हेच झालं असणार. माझंही झालंय, ऐन रात्री, घरापासून बारा किलोमीटरवर, आणि हात कोपरापर्यंत ठणकत होता. त्याला पाण्याबाहेर काढून काठापासून आठ-दहा फूट जमिनीवर आत ने. खालच्या जबड्याला फिशग्रिप लाव, ती नसेल तर ओलं गोणपाट टाकून वरून दाब, मग अंगठा एका काट्याच्या मागे आणि तर्जनी दुसऱ्या काट्याच्या मागे अशी पाचर मारून धर, तळवा डोक्यावर. गरी लांब नाकाच्या पकडीने काढ. खोल गिळली असेल तर लाइन काप, मासा मारायचाच आहे तेव्हा गरी नंतर निघेल. तिलापियाच्या पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की निजतात, उलटा हात फिरवू नको. सकरला पकड नाहीतर जाड हातमोजा हवाच.

काटा टोचला तर हात सोसेल तितक्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेव. पाणी पंचेचाळीस अंशांच्या वर नको, आधी दुसऱ्या हाताने तपास, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. या काट्यांचं विष उष्णतेने निकामी होतं, शिंगाळ्याचा काटा लागला की आपले दर्यावर्दीही हेच करतात. टोक आत राहिलंय का बघ, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघ, आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर घरगुती लेप लावत बसू नको, डॉक्टरकडे जा. तुझ्या अंगठ्याला आज चौथा दिवस आहे ना? लाल रेघ वर चढताना दिसली तर आजच जा.

तिलापियाची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात ठेवते. तिला उचलली, ती घाबरली, की तोंडातलं सगळं भसाभस थुंकते. आता तू तिला पाण्यावर लोंबकळत ठेवून फोटो काढत असशील तर तिने शे-दोनशे पिल्लं तुझ्या देखत पाण्यात टाकली, मग मादी मारून काय मिळवलं? म्हणून तिलापिया लागला की न थांबता, पाण्यावर न झुलवता, सरळ काठाच्या आत आणायचा आणि रिकाम्या घमेल्यात तोंड उघडून बघायचं. आणि बादलीतून जिवंत नेताना तू तीन मासे नेलेस असं तुला वाटतं, पण त्यात एक जरी तोंड भरलेली मादी असेल तर तू दीडशे मासे नेलेस.

मारायचा तर झटक्यात मार. मासा काठावर तडफडत टाकून पुढची गरी टाकायला वळायचं, हे मला बघवत नाही. तो परका आहे यात त्याचा दोष काय? माणसाने आणलं म्हणून तो इथे आहे. शिवाय मांगूर हवेत श्वास घेतो, तासन् तास मरत नाही आणि ओल्या गवतातून सरपटत परत पाण्यात जातो, मी जाताना बघितलाय. सकरही तसाच चिवट. जाड दांडक्याने डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या मधोमध एक जोराचा फटका, मासा सुन्न झाला की तिथेच सुरीचं टोक किंवा जाड दाभण मेंदूपर्यंत खुपस, मग कल्ले कापून रक्त काढ. मांगूरची कवटी फार टणक असते, दोन फटके लागतील. बर्फात जिवंत घालून मारणं मोठ्या माशाला बरोबर नाही, फार वेळ लागतो.

मेलेला मासा पाण्याच्या कडेला टाकू नको आणि तिथे साफही करू नको. वाशिष्ठी, जगबुडीच्या काठाला मगरी आहेत, त्यांना काठावर आयतं खायची सवय लागली की पुढचा बळी कपडे धुणारी बाई असते. आगरात माडाच्या आळ्यात दोन फूट खोल पूर, कुत्रं उकरणार नाही आणि माडाला खत होईल, कुटीचं (सुक्या बारीक माशांचं) खत आपल्याकडे जुनं आहेच. तिलापिया स्वच्छ धरणातला असेल तर खुशाल खा. मातकट वास येतो म्हणून नाक मुरडतात, पण मीठ-हळद आणि आगळ (कोकमाचा रस) लावून अर्धा तास ठेवला तर वास बराच जातो, मग तिरफळं घालून तिखलं कर, घरातले विचारतील कुठला मासा म्हणून. गटाराचं नाहीतर कारखान्याचं पाणी जिथे येतं तिथला मात्र कुठलाच मासा खाऊ नको, देशीही.

देशी मासा सोडायचा असेल तर सगळं उलटं: हात ओले, मासा पाण्यातच, गरीचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून आणलेला, फोटो एकच. जिताडा मोठा असेल तर माझा आग्रह आहे की सोड, कारण जिताडे आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक वेळा अंड्यावरची मादीच.

जिताड्यावरून आठवलं, आपल्या गरवणाऱ्यांचं खरं पाप इथे आहे. जिताड्याला जिवंत आमिष लागतं, म्हणून तळ्यातले बोटभर तिलापिया बादलीत घेऊन खाडीवर जायचं आणि परतताना उरलेले खाडीत ओतून यायचं. मी स्वतः दहा-बारा वर्षं हे केलंय आणि त्याची टोचणी आजही आहे, कारण तेव्हा ज्या पऱ्याच्या तोंडाशी मी बादली ओतायचो तिथे आज पाग (हाताने फेकायचं जाळं) मारला की निम्मे तिलापिया येतात. सगळे माझ्याच बादलीतले असं नाही म्हणणार, पण माझी बादली त्यात आहे. आता मी आमिष त्याच खाडीत पकडतो, बोय नाहीतर कोळंबी, आणि उरलेलं तिथेच सोडतो. दुसऱ्या पाण्यातलं आमिष असेल तर ते मेलेलं असावं. बादलीतलं पाणीसुद्धा रानात, पाण्यापासून लांब ओत, आणि पाग, जाळी, बूट कडक उन्हात वाळव.

आणि हे फक्त परदेशी माशांपुरतं समजू नको. लोणावळ्याला वाळवण धरणाशेजारी १९७० च्या दशकात महाशीरची पिल्लं तयार करायला लागले, हेतू चांगलाच होता, तो आपला सह्याद्रीतला महाशीर, कोकणात खडस म्हणतात तो. ती पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली, कावेरीतही. कावेरीत तिचा स्वतःचा कुबडाचा महाशीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, भला थोरला. आज तो नामशेष व्हायच्या काठावर आहे आणि त्याच्या जागी आपला पाहुणा मोजता येणार नाही इतका झालाय. हे कळलं कशावरून माहितीय? तिथल्या गरवणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदवह्यांवरून, कुठला मासा लागला, किती किलोचा, परत सोडला का, एवढ्या साध्या नोंदी. म्हणून तूही वही ठेव, तिलापिया किती आले तेही लिही. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून जे महाशीर लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपले त्या डोहात कुणी भक्तिभावाने जरी बाजारातला मासा सोडला तरी तो घात ठरेल.

पूर आणि धरणं हे आपल्या हातात नाही, कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी माणसानेच कोकणात आणलंय, २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात किती तळी फुटली त्याचा हिशोब कुणी ठेवला? पण बादली आपल्या हातात असते.

आता तुझी विहीर. मृग लागायच्या आत ते तिन्ही काढायचे, कारण पहिल्या जोराच्या पावसात चढणीचे मासे निघतात, रायगडकडे वळगण म्हणतात ती, तेव्हा तुझ्या विहिरीतलेही पाण्याच्या धारेबरोबर शेतात येतील. पाणी उपसायच्या पंपाच्या फूटवॉल्व्हला मच्छरदाणीचं कापड बांध, पाणी अर्ध्यावर आण, आणि उपसलेलं पाणी पऱ्यात नको, बागेला दे. मग सगळ्यात लहान गरी, गव्हाच्या पिठाची हरभऱ्याएवढी गोळी नाहीतर गांडुळाचा तुकडा, सकाळी ऊन विहिरीत उतरल्यावर. तिलापिया हावरट असतो, दोन दिवसांत तिन्ही लागतील. नंतरही महिनाभर रोज संध्याकाळी थोडं पीठ टाकून बघत राहा, बारीक पिल्लं वर आली तर मला सांग, माझ्याकडे बारीक आसाची (भोकांची) जाळी आहे, मी घेऊन येतो.